खिडकीमागचे सातभाई

मे महिन्यातली दुपार. मास कॉमची शेवटची परीक्षा संपलेली, इंटर्नशिप सुरू व्हायला आठ दिवस बाकी. मी पंख्याखाली लोळत रील्स बघत होते, तेवढ्यात न्यू जर्सीच्या मावशीचा व्हिडिओ आला. तिच्या घरामागचं दाट झुडूप, त्यातून येणारा मांजरीसारखा ‘म्याऽव’ आवाज आणि मावशीची कॉमेंट्री, ‘‘ऐक हं, हे मांजर नाहीये!’’ थोड्या वेळानं झुडपातून एक राखाडी पक्षी बाहेर आला. डोक्यावर काळी टोपी, शेपटीखाली विटकरी रंग. त्याचं नावच तिकडे ‘कॅटबर्ड’ आहे. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे, पार मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांपर्यंत जातो आणि वसंतात परत येतो. मावशी दरवर्षी त्याची वाट बघते. तो आला की फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल करते.

व्हिडिओखाली तिनं विचारलं होतं, ‘‘तुमच्याकडे मागे काय काय दिसतं गं हल्ली?’’

मी टाइप केलं, ‘‘विशेष काही नाही. कावळे, कबुतरं आणि ते सारखे भांडणारे मातकट पक्षी.’’

शेजारी बसून शेंगा सोलणाऱ्या आजीनं चष्मा वर सरकवून ते वाचलं. ‘‘मातकट पक्षी काय गं? सातभाई म्हणतात त्यांना. तू रांगत होतीस तेव्हापासून येतायत मागे. आणि म्हणे पत्रकार होणार!’’

हे मला लागलं. म्हणजे त्या वेळी मी हसण्यावारी नेलं, पण लागलं. चार वर्षं आम्हाला वर्गात ‘ऑब्झर्व्हेशन’ या विषयावर लेक्चरं दिली गेली. मी त्यावर असाइनमेंट्स लिहिल्या, मार्क मिळवले. आणि माझ्या खोलीच्या खिडकीपासून दहा फुटांवर रोज सकाळी कल्ला करणाऱ्या पक्ष्याचं नाव मला माहीत नव्हतं. ‘विशेष काही नाही’ हे मी न बघताच ठरवून टाकलं होतं.

म्हणून त्या आठ दिवसांसाठी मी एक साधी गोष्ट ठरवली. रोज सकाळी पंधरा मिनिटं फोन उलटा ठेवायचा आणि मागच्या खिडकीतून फक्त सातभाई बघायचे. जे दिसेल ते वहीत लिहायचं. आठ दिवसांचे अडीच महिने झाले. त्यातून मला जे वाटलं ते मांडायला हा लेख.

आमची ‘मागची पट्टी’

आमची सोसायटी पुण्यातली, कोथरूडमधली. तीन मजली जुन्या इमारती, लिफ्ट नाही. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये बारा-तेरा फुटांची एक पट्टी आहे. आजी तिला अजूनही ‘परस’ म्हणते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिचं नाव ‘बॅकसाइड’. तिथं एक पेरूचं झाड आहे, कढीपत्ता आहे, माजलेली जास्वंद आहे, भिंतीला धरून घाणेरीची जाळी आहे. कोपऱ्यात कुणाचं तरी फुटकं बेसिन, जुन्या फरश्या आणि वर्षानुवर्षं साचलेला पाचोळा. लहानपणी बॉल तिकडे गेला की आम्ही ‘जाऊ दे’ म्हणायचो. साप असेल म्हणून.

सातभाईंना नेमका हाच कोपरा आवडतो. सकाळी साडेसहाच्या सुमारास ते येतात. एकटादुकटा कधीच नाही. आधी एक जण भिंतीवर उतरतो, मग दुसरा, मग बाकीचे धपाधप. खाली उतरले की पाचोळा उलटापालटा करायला सुरुवात. चोचीनं पान उचलायचं, बाजूला फेकायचं, खाली काय दडलंय बघायचं. किडे, अळ्या, जे असेल ते. हे काम इतक्या मन लावून चालतं की घर शिफ्ट करताना आई जुनी कपाटं उपसते त्याची आठवण व्हावी.

दिसायला म्हणाल तर रुबाब शून्य. मातकट अंग, पिवळसर चोच, विस्कटल्यासारखी पिसं आणि फिकट डोळे, ज्यामुळे चेहरा कायम रागावलेला वाटतो. पुण्यात यांचा एक भाऊबंदही दिसतो, मोठा करडा सातभाई. तो उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात. आमच्याकडच्यांच्या दिसत नाहीत, म्हणजे हे जंगली सातभाई. एवढं ठरवायला मला चार दिवस लागले.

नावाचीही गंमत आहे. आपण त्यांना सात ‘भाऊ’ म्हणतो, इंग्रजीत त्यांना सात ‘बहिणी’ म्हणतात. मुळात नर-मादी दिसायला सारखेच, नुसतं बघून कळत नाही. आणि ते सातच असतात असंही नाही. माझ्या वहीत पहिल्या आठवड्याचे आकडे आहेत : नऊ, आठ, नऊ, सात, नऊ, नऊ, आठ. सात हा आकडा फक्त एकदा.

बघितलं ते आणि वाटलं ते

वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं : ‘आज खूप भांडले. एक दादागिरी करत होता. एक बिचारा कोपऱ्यात रुसून बसला होता.’

तोवर इंटर्नशिप सुरू झाली होती. माझी पहिली बातमी होती पाणीकपातीची. मी लिहिलं, ‘नागरिकांमध्ये संतापाची लाट’. डेस्कवरच्या ताईंनी विचारलं, ‘‘किती जणांशी बोललीस?’’ मी म्हटलं, ‘‘तीन.’’ ‘‘ते काय म्हणाले?’’ ‘‘एक चिडले होते. दोघं म्हणाले, टँकर मागवलाय.’’ ‘‘मग लाट कुठाय?’’ त्यांनी शांतपणे ती ओळ उडवली आणि म्हणाल्या, ‘‘बघितलं ते लिही. वाटलं ते वेगळं ठेव.’’

घरी येऊन मी वहीचं पहिलं पान परत वाचलं आणि मला हसू आलं. ‘भांडले’ कशावरून? आवाज मोठा होता म्हणून? ‘रुसला’ कशावरून? तो वेगळा बसला होता, एवढंच मी बघितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी पानाचे दोन भाग केले. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’.

या एका रेघेनं फरक पडला. तो ‘रुसलेला’ सातभाई डाव्या रकान्यात असा आला : ‘एक जण पेरूच्या वरच्या फांदीवर. खाली उतरत नाही. खात नाही. मान सारखी फिरवतोय. बाकीचे आठ खाली पाचोळ्यात. सहा मिनिटं.’ पुढच्या दिवशी तसंच. त्याच्या पुढच्या दिवशी शेजारच्या बंगल्यातलं बोकं भिंतीवर आलं, वरचा किंचाळला आणि एका सेकंदात खालचे सगळे घाणेरीच्या जाळीत गडप. मग जाळीतून, फांदीवरून, सगळीकडून बोक्यावर जो काही आरडाओरडा सुरू झाला, की ते बिचारं (हे ‘वाटलं’च्या रकान्यात) परत फिरलं.

तो रुसलेला नव्हता, पहारा देत होता. बाकीचे निर्धास्त खाली मान घालून जेवत होते, कारण एक जण उपाशी राहून वर बसला होता. काही वेळानं तो खाली येतो आणि दुसरा वर जातो. कधी वरची जागा काही क्षण रिकामी राहते. पण खाली टोळी बराच वेळ असेल, तर वर कुणीतरी दिसतंच.

तुम्ही म्हणाल, हे तर गुगल केलं असतं तरी कळलं असतं. कळलंच असतं. मी नंतर वाचलंही. 1970च्या दशकात गॅस्टन नावाच्या संशोधकानं दिल्लीत याच पक्ष्यांच्या टोळ्यांचा अभ्यास केला होता. प्रत्येक टोळीचा आपला इलाखा असतो, तो ती राखते आणि पिलं भरवायला आई-बापांना टोळीतले बाकीचेही मदत करतात. पण वाचलेली माहिती आणि माझ्या खिडकीतल्या त्या सहा मिनिटांमध्ये फरक आहे. वाचून मला सातभाईंबद्दल कळलं. बघून मला कळलं, की मी किती पटकन गोष्टी रचते.

माझ्या मते, आपल्या वयाच्या लोकांनी असं निरीक्षण करावं याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. निसर्गप्रेम वगैरे नंतर. आपण दिवसभर दुसऱ्यांच्या पंधरा सेकंदांच्या क्लिप्स बघून मतं बनवतो. कोण टॉक्सिक, कोण फेक, कुणाचं ब्रेकअप कुणामुळे. डावा रकाना रिकामा आणि उजवा ओसंडून वाहतोय. पक्षी तुमच्या मतांना भाव देत नाही. तुम्ही त्याला काहीही म्हणा, तो उद्या परत येऊन तुम्हाला चुकीचं ठरवतो. ही सवय कुठलाही कोर्स लावत नाही, आणि लागते फक्त एक खिडकी.

दुसऱ्याचं पिल्लू

जूनच्या शेवटी पेरूच्या झाडावर सातभाईंचं घरटं आहे हे लक्षात आलं. काटक्या-मुळांची वाटी, फांदीच्या बेचक्यात. आत डोकावणं शक्य होतं, पण मी ते केलं नाही. घरट्याजवळ गेलं की आपल्या मागोमाग कावळा-मांजराचंही लक्ष तिकडे जातं, शिवाय पक्षी बिचकतात ते वेगळंच. म्हणून जे काही बघितलं ते खिडकीतूनच.

एव्हाना पावशाची ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ही हाक रात्रंदिवस ऐकू येत होती. शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलंय की तो शेतकऱ्याला पेरणीची आठवण करून देतो. आम्हाला जे शिकवलं नाही ते हे, की पावशा स्वतःचं घरटं बांधत नाही. तो कोकिळेच्या कुळातला. त्याची मादी आपलं अंडं सातभाईंच्या घरट्यात टाकते. पावसाबरोबर येणारा चातकही तेच करतो. सातभाईंची अंडी सुंदर निळी असतात. पावशाचं अंडंही निळंच. सातभाईंना फरक कळत नाही, आणि ते परक्याचं पिल्लू वाढवतात.

जुलैच्या मध्यावर मी ते बघितलं. वहीतली नोंद जशीच्या तशी देते : ‘भिंतीवर एक पिल्लू. सातभाईंएवढंच, थोडं मोठंच. पाठीवर आडवे पट्टे, छातीवर तपकिरी ठिपके. शिकऱ्यासारखं दिसतं. सतत ओरडतंय, चोच उघडी. एक सातभाई आला, भरवून गेला. दुसरा आला तेव्हा पहिला अजून भिंतीवरच होता. तिसरा अळी घेऊन रांगेत.’

त्याच्या खाली मी आधी लिहिलं होतं ‘आई भरवते’. मग ते खोडलं. तीन जण भरवत होते. आई कोण, मला काय माहीत?

आजीला बोलावून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘आपलं नाही हे कळत नसेल का गं त्यांना?’’ मी म्हटलं, ‘‘नसावं.’’ ती म्हणाली, ‘‘का कळूनही भरवत असतील?’’ मी तिला अंड्यांचा रंग वगैरे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पिल्लाकडे बघत राहिली. तिचा प्रश्न मी उजव्या रकान्यात लिहून ठेवलाय.

त्या रात्री मावशीला फोन केला तेव्हा कॅटबर्डची दुसरी बाजू कळली. तिकडे काऊबर्ड नावाचा पक्षी आहे, तोही असाच दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी टाकतो. अनेक पक्षी फसतात. कॅटबर्ड मात्र सहसा फसत नाही. त्याची स्वतःची अंडी निळी-हिरवी, काऊबर्डचं अंडं पांढुरकं, ठिपक्याठिपक्यांचं. कॅटबर्ड ते ओळखतो आणि घरट्याबाहेर फेकून देतो. एकाच्या परसात परकं अंडं बाहेर जातं, दुसऱ्याच्या परसात परकं पिल्लू तीन जण मिळून भरवतात. मावशी म्हणाली, ‘‘म्हणजे माझा हुशार आणि तुझे भोळे.’’ मी म्हटलं, ‘‘मावशी, हे ‘वाटलं’च्या रकान्यात टाक.’’

मेपासून आमचं हे चाललंय. आधी आम्ही फक्त ‘जेवलीस का’ आणि ‘हॅपी बर्थडे’पुरत्या बोलायचो.

लेन्स नाही, नोकरी नाही, तरीही

कॉलेजच्या ग्रुपवर सांगितलं तेव्हा मित्र म्हणाला, ‘‘सातभाई? त्यात काय बघायचं! भिगवणला चल, फ्लेमिंगो दाखवतो.’’ त्याच्याकडे भारी लेन्स आहे. मी त्याच्याबरोबर एकदा गेलेही होते. पहाटे चारला निघालो, नाष्टा धरून माणशी हजारभर रुपये, नाव, फोटो, स्टोरी. छान वाटलं. पण फ्लेमिंगो काय करत होते हे विचाराल, तर मला फोटोत दिसतं तेवढंच सांगता येईल.

भिगवणला जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण पक्षी बघणं म्हणजे महागडी लेन्स, जीप आणि ‘लाइफर’चा आकडा, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. त्यामुळे ज्याच्याकडे पैसे नाहीत, सुट्टी नाही, गाडी नाही, तो समजतो हे आपलं काम नव्हे. ॲपचं तसंच. आवाज ऐकून ॲप दोन सेकंदांत नाव सांगतं. मीही वापरते, नवख्याला ते फार उपयोगी आहे. फक्त नाव कळलं की आपण मोकळे होतो आणि पुढचं स्क्रोल करतो. खरं बघणं नाव कळल्यावर सुरू व्हायला हवं.

यातली दोन मोठी माणसं बघा. 1930मध्ये सालिम अली जर्मनीतून शिकून मुंबईला परतले तेव्हा त्यांची म्युझियममधली नोकरी गेलेली होती, त्या पदासाठी पैसेच उरले नव्हते. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथं जवळच सुगरणींची वस्ती होती. बेकार माणसाकडे असतो तेवढा वेळ त्यांच्याकडे होता. त्यांनी सुगरणी बघितल्या. नर एकामागून एक घरटी बांधायला घेतो, मादी येऊन अर्धवट घरटं तपासते, पसंत पडलं तर राहते, आणि मग तो नर दुसऱ्या घरट्याच्या आणि दुसऱ्या मादीच्या मागे लागतो. पूर्वी कुणाच्या नीट लक्षात न आलेली ही गोष्ट त्यांनी 1931मध्ये लिहून प्रसिद्ध केली. सुगरण काही दुर्मीळ पक्षी नव्हता. कोकणातल्या हजारो लोकांनी ती घरटी बघितलेली होती.

दुसऱ्या अमेरिकेतल्या मार्गारेट मॉर्स नाइस. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात घरालगतच्या पडीक जमिनीत त्यांनी 1928पासून आठेक वर्षं ‘साँग स्पॅरो’ नावाची एक साधी चिमणी बघितली. पायात रंगीत कडी घालून एकेक चिमणी वेगळी ओळखली. कोण कुणाशी जोडी जमवतं, कोण आपल्या जागेवर परत येतं, सगळं लिहिलं. पीएचडी नव्हती, विद्यापीठात पद नव्हतं, घरात मुलींना वाढवत हे चाललं होतं. 1937 आणि 1943मध्ये आलेले त्यांचे दोन खंड पक्ष्यांच्या वर्तनाच्या अभ्यासात आजही मूलभूत मानले जातात.

आपण काही सालिम अली होणार नाही. मी तर नक्कीच नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्यांच्याकडे जे होतं त्यातलं बरंचसं आपल्याकडेही आहे : घराजवळचा साधा पक्षी, परत परत बघण्याची तयारी आणि वही.

आणि मग नोटीस लागली

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जिन्याखालच्या बोर्डवर सोसायटीची नोटीस लागली. ‘मागील बाजूची संपूर्ण साफसफाई करून पेव्हर ब्लॉक बसविणे व टू-व्हीलर पार्किंगची सोय करणे. रविवारी सभेत चर्चा.’

माझी पहिली रिॲक्शन स्टोरी टाकण्याची होती. काळ्या बॅकग्राउंडवर ‘आणखी एक हिरवा कोपरा संपणार’. टाइपही केलं. मग वाटलं, हे परत ‘संतापाची लाट’च आहे. पार्किंगचा प्रश्न खोटा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचे गुडघे गेलेत, त्यांना स्कूटर पार कोपऱ्यावर लावून चालत यावं लागतं. पाचोळ्यात डास होतात ही तक्रारही खरी आहे. त्या फुटक्या बेसिनमध्ये पाणी साचतं ते मीच बघितलंय.

म्हणून सभेला मी वही घेऊन गेले. आयुष्यातली पहिली सोसायटी मीटिंग. मी काही भाषण केलं नाही, नोंदी वाचल्या. एवढे दिवस बघितलं, त्यातले इतके दिवस सातभाई आले. पेरूवर घरटं. त्यात वाढलेलं पावशाचं पिल्लू. याच पट्टीत दयाळ, शिंजीर, बुलबुल आणि एक भारद्वाज. मुंगूस दोनदा.

चेअरमन काका चांगले आहेत. ते म्हणाले, ‘‘बाळा, पक्ष्यांना काय, पंख आहेत. जातील दुसरीकडे.’’

सगळ्यांना पटण्यासारखं वाक्य आहे. अडीच महिन्यांपूर्वी मलाही पटलं असतं. पण जूनमध्ये मी पलीकडच्या सोसायटीच्या भिंतीवर दोन टोळ्या समोरासमोर आलेल्या बघितल्या होत्या. इकडचे नऊ, तिकडचे सहा-सात. आठ मिनिटं आरडाओरडा, त्यातले दोघं तर जमिनीवर गुंतून लोळले. मग दोन्ही टोळ्या आपापल्या बाजूला परत. मी सांगितलं, ‘‘काका, दुसरीकडे म्हणजे तिथं दुसरे आहेत. प्रत्येक टोळीची जागा ठरलेली असते. पलीकडची टोळी यांना आत घेत नाही, मी बघितलंय.’’ मग जरा थांबून म्हटलं, ‘‘आपल्याला पण कुणी म्हणालं, रिडेव्हलपमेंट होईपर्यंत जा कुठंतरी, तर आपण विचारतोच ना, कुठं?’’

कुणीतरी हसलं. पण विषय पुढे सरकला. आजी उठली आणि तिनं पेरूचं झाड कुणी लावलं ते सांगितलं. आजोबांनी. हे मलाही माहीत नव्हतं.

शेवटी काय ठरलं ते सांगते. अर्ध्या पट्टीत ब्लॉक बसणार, काकांची स्कूटर तिथं लागणार. पेरू, कढीपत्ता आणि भिंतीकडची जाळी राहणार. पाचोळा झाडाखालीच ढीग करून ठेवायचा, बेसिन आणि फरश्या उचलायच्या. काम पावसाळा संपल्यावर.

हा विजय वगैरे नाही. घाणेरीचा निम्मा भाग जाणारच. आणि रिडेव्हलपमेंटची बोलणी दोन बिल्डरांशी चालू आहेत, ती झाली की पेरूही जाईल आणि आम्हीही वर्षा-दोन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जाऊ. नव्या प्लॅनमध्ये ‘लँडस्केप गार्डन’ आहे, मी ड्रॉइंग बघितलंय. हिरवळ आणि ओळीनं ताडासारखी शोभेची झाडं. पाचोळा कुठंच नाही. तेव्हाही मी वही घेऊन जाईन. बिल्डर किती ऐकेल, सांगता येत नाही. पण ‘तिथं काय होतं?’ असं कुणी विचारलं, तर ‘विशेष काही नाही’ हे उत्तर आता मी देणार नाही.

लिहिलं नाही तर कळणारही नाही

सातभाई धोक्यात आलेला पक्षी नाही. तो भरपूर आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा 2023चा अहवाल वाचताना एका आकड्यापाशी मी थांबले. देशातल्या 942 जातींचा विचार त्यात झाला. त्यांपैकी दीर्घकाळात संख्या वाढली की घटली, हे फक्त 338 जातींबद्दल सांगता आलं. त्यातल्या 60 टक्के जाती घटल्या आहेत, ही त्याची मोठी बातमी. पण उरलेल्या सहाशेहून जास्त जातींचं काय? त्यांच्याबद्दल सांगण्याइतक्या जुन्या नोंदीच नव्हत्या. म्हणजे एखादा पक्षी कमी झाला असेल, तरी तो कमी झाला हेसुद्धा आपल्याला म्हणता येत नाही, कारण तो होता तेव्हा कुणी लिहून ठेवलं नाही.

तो अहवाल उभा आहे तो तीस हजारांहून जास्त पक्षी बघणाऱ्यांच्या नोंदींवर. त्यात तज्ज्ञ आहेत तसे तुमच्या-माझ्यासारखे हौशीही आहेत. दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ होतो, जगभर. 1998मध्ये तो अमेरिकेत सुरू झाला, आपल्याकडे त्याच दिवसांत कॉलेजांमध्ये ‘कॅम्पस बर्ड काउंट’ घेतला जातो. कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी थांबायचं आणि दिसतील ते पक्षी मोजून नोंदवायचे, एवढंच काम. आपल्या किती कॉलेजांत तो होतो? फेस्टिव्हलला तीन दिवस डीजे लावणाऱ्या आपल्या कमिट्यांना पंधरा मिनिटं अवघड नाहीत.

पण फेब्रुवारीची वाट बघायची गरज नाही. हॉस्टेलच्या खिडकीतून कबुतरं दिसत असतील तर कबुतरं. टपरीमागे साळुंक्या असतील तर त्या. एकच पक्षी निवडा, एकच जागा आणि रोजची पंधरा मिनिटं. पानाच्या मध्ये एक रेघ मारा. पहिले चार दिवस प्रचंड बोअर होईल. मलाही झालं होतं. पाचव्या दिवशी एखादा असं काहीतरी करेल, जे उजव्या रकान्यात बसणार नाही.

आज सकाळची माझी नोंद : ‘6.40. नऊ. पेरूवर तिघं एकमेकांना चिकटून, मधला मान वर करून बसलाय, दोन्ही बाजूचे त्याची मान चोचीनं साफ करतायत. वर पहारा नाही. बोकं दिसत नाही. पावशाचं पिल्लू चार दिवसांपासून दिसलेलं नाही.’

मावशीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलंय : तिचा कॅटबर्ड अजून आहे, दक्षिणेकडे जायला त्याला थोडा अवकाश आहे. आजीनं विचारलं, ‘‘तो आपल्याकडे नाही का गं येत?’’ नाही येत, म्हटलं. आपल्याकडे आपले आहेत.